सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त का येत नाही?

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते. दोनेक वर्षांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. डाव्या बाजूला जास्त येतं, म्हणून तिथे मी ब्रश जवळजवळ लावतच नाही, नुसती चूळ भरते. दुखत अजिबात नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या की थांबतं, महिन्याभरात पुन्हा सुरू. हल्ली वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसायला लागली आहे, पूर्वी नव्हती. तोंडाला वास येतो असं मुलगी म्हणते. जवळच्या डेंटिस्टने क्लीनिंग करा सांगितलं, पण सासूबाई म्हणतात, ‘एकदा मशीन लावलं की दात खिळखिळे होतात, माझ्या नणंदेचे तसेच गेले.’ त्या स्वतः चाळीस वर्षं मशेरी लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. माझ्या आईला पन्नाशीत पूर्ण कवळी लागली. शुगर बॉर्डरवर आहे, बीपीची गोळी चालू आहे. माझेही दात जाणारच का? आणि सासूबाई म्हणतात ते खरं आहे का?
– ना. क., भांडुप

उत्तर :

ताई, सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण तुमची फसगत तिथूनच होते आहे.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. ती दिवसातून तीन-चार वेळा बोटाने हिरड्यांवर चोळली की तिच्यातलं निकोटिन आत उतरतं आणि हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्तच कमी पोचलं तर बाहेर येणार कुठून? हिरडी फिकट, घट्ट, वरून ठणठणीत दिसते. खालचं हाड मात्र झिजतच असतं, तंबाखू नसती तर झिजलं असतं त्याहून जास्तच. राखणदाराला अफू चारली की चोर आला तरी तो ओरडत नाही, तशातली ही गत. लालबागच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. भाकरीचा घास तोडताना पटाशीचा दात घासातच राहिला, म्हणून. रक्ताचा टिपूस नव्हता. शेजारच्या दातापाशी मी मापाची सळई हिरडीच्या कडेने आत घातली तर ती ८ मिलिमीटर खाली गेली. चांगल्या हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटरवर थांबते. आजींना काही कळलंही नाही. वर मलाच म्हणाल्या, ‘बाई, माझे दात म्हणजे लोखंड होतं हो.’

तेव्हा तुमच्या हिरड्यांतून रक्त येतंय ही बातमी चांगली नसली, तरी वेळेत आली आहे. तुमचा राखणदार जागा आहे.

आता तुमच्या तोंडात काय चाललंय ते बघू. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की एक बुळबुळीत थर लागतो. तो जिवाणूंचा थर, प्लाक. मोरीच्या कोपऱ्यात धरतो ना, त्याच जातीचा. मोरीवर बादलीभर पाणी ओतलं म्हणून तो जात नाही, ब्रश घेऊन घासावं लागतं, आणि घासला की लगेच निघतोही. पण राहू दिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसत जातं आणि दोन-तीन दिवसांतच तो घट्ट व्हायला लागतो. मग त्याचं होतं कीटण. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो दगडी थर बसतो, तसं. हे कीटण घरच्या ब्रशने, मिठाने, लिंबाने, कशानेही निघत नाही. लाळेच्या ग्रंथी जिथे उघडतात तिथे ते सगळ्यात आधी धरतं : खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. उजेडात आरशासमोर उभ्या राहा, मान खाली घाला आणि खालचे पुढचे दात आतून बघा. पिवळट पट्टा दिसला तर तेच.

हिरडीला हा थर सहन होत नाही. ती त्याच्याशी लढायला जास्त रक्त मागवते, म्हणून लाल होते, फुगते, आणि ब्रश टेकला की वाहते. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो, मागे काही उरत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये याचा एक प्रयोग झाला, तो मला फार आवडतो. हिरड्या ठणठणीत असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. कुणाच्या १० दिवसांत, कुणाच्या २१ दिवसांत, पण एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश हातात दिला, तर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तुम्ही डाव्या बाजूला हाच प्रयोग दोन वर्षं करता आहात, फक्त दुसरा भाग केलेला नाही. रक्त येतं म्हणून घासायचं सोडलं, घासलं नाही म्हणून जास्त रक्त यायला लागलं. हे चाक तुम्हालाच उलटं फिरवायचं आहे. आज रात्रीपासून डाव्या बाजूला मऊ ब्रश लावा. पहिले काही दिवस बेसिन लाल होईल. होऊ दे.

पण मला तुमचं पत्र वाचून वाटतं की मामला एवढ्यावर थांबलेला नाही. ती फट. चाळिशीनंतर पुढच्या दातांत नवीन फट पडली, दात पुढे आल्यासारखे किंवा लांब झाल्यासारखे वाटले, की दाताखालचं हाड उतरलंय का ते बघावंच लागतं. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणतात. थर हिरडीच्या आत सरकतो, हिरडी दातापासून सुटते आणि दाताभोवती खिसा तयार होतो. त्या खिशाच्या तळापर्यंत ब्रशचे केस पोचत नाहीत. आत जिवाणूंचं फावतं, त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचंच हाड मागे घेत जातं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि दुखत नाही. दात किडला की माणूस रात्री दोन वाजता लवंग शोधतो. हिरडीचा आजार माणसाची झोप मोडत नाही, म्हणून त्याला कुणी दाद देत नाही. मुलीला जो वास येतो तो बराचसा या खिशांतला. (उरलेला जिभेच्या मागच्या भागावरचा. ती पट्टीने रोज खरवडा.)

गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. काही ठरावीक आकाराच्या खड्ड्यांत शस्त्रक्रिया करून थोडं भरून आणता येतं. आपण जे मिळवायचं ते एवढंच की झीज जिथे आहे तिथे थांबली पाहिजे. थांबते. उपचारानंतर हलणारे दात थोडे घट्ट झालेलेही मी पाहिलेत, कारण सूज उतरली की हिरडी दाताला पुन्हा चिकटून धरते.

आता नणंदबाईंची गोष्ट. जुन्या चाळीच्या भिंतीत पिंपळ उगवतो. त्याची मुळं फटींत इतकी घट्ट बसतात की बघणाऱ्याला वाटतं, हा पिंपळच भिंत धरून उभा आहे. पिंपळ काढला की भेगा उघड्या पडतात आणि लोक म्हणतात, बघा, काढला आणि भिंत गेली. भेगा पाडल्या कुणी? कीटणाचं तेच आहे. दातांच्या मधल्या फटी भरून ते पूल बांधतं, आणि हाड अर्धं गेलेले दात एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. क्लीनिंगमध्ये पूल निघतो आणि दात मुळात किती हलत होते ते त्या दिवशी कळतं. यंत्राची पिन थरथरते, सोबत पाण्याचा फवारा असतो आणि त्या कंपनाने कीटण फुटतं; नीट वापरली तर ती दाताचं काही बिघडवत नाही.

यात आमच्या धंद्याचाही दोष आहे, तो कबूल करते. क्लीनिंगनंतर सुजलेली हिरडी आक्रसते, त्यामुळे दात लांब दिसतात, मधे काळ्या त्रिकोणी फटी दिसतात, मुळाचा भाग उघडा पडल्याने गार पाण्याने आठवडा-दोन आठवडे झिणझिण्या येतात. हे आधी सांगितलं तर माणूस शांत राहतो. आम्ही सांगत नाही, आणि मग तो माणूस घरी जाऊन सांगतो की मशीनने दात गेले.

तुमच्या बाबतीत नुसतं वरवरचं क्लीनिंग पुरायचं नाही, म्हणून दवाखान्यात काय व्हायला हवं ते समजून घ्या. आधी मापं. एक बारीक, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई असते. ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी अलगद आत टेकवायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मदतनीस लिहून घेते. ‘तीन, दोन, तीन. चार, सहा, पाच, रक्त.’ खुर्चीत पडल्या पडल्या तुम्हालाही ऐकू येईल. तीनपर्यंत ठीक, चारला कान टवकारा, पाच-सहा आलं की तिथे आत जाऊन साफ करायचं आहे. सोबत हाडाची पातळी दिसेल असे एक्स-रे. मापं न घेता कुणी पंधरा मिनिटांत चकचकीत करून पाठवलं, तर भिंतीतली ओल तशीच ठेवून वरून रंग मारल्यासारखं झालं. सरळ विचारा, ‘डॉक्टर, पॉकेटची (म्हणजे त्या खिशांची) मापं घेतली का?’ विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

मग खोल सफाई. त्या बाजूला भूल देऊन हिरडीखाली जायचं, मुळावरचं कीटण खरवडून मूळ स्वच्छ करायचं. बाहेरचं कीटण पिवळट असतं, आतलं काळं-हिरवट आणि चिवट. कधी अख्खी खपली निघते. मी ती गॉजवर ठेवून पेशंटला दाखवते, कारण त्यानंतर रात्री घास हो म्हणून वेगळं सांगावं लागत नाही. अर्धं तोंड एका दिवशी, अर्धं दुसऱ्या दिवशी, असं सहसा करतात. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मापं. बहुतेक खिसे तोवर उथळ झालेले असतात. एखाद-दुसरा हट्टी राहिला तर हिरडी थोडी उघडून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया, तीही भूल देऊनच. पुढे दर तीन-चार महिन्यांनी देखभाल. हे आयुष्यभराचं आहे, बीपीच्या गोळीसारखं. एकदा करून सुटलो असं इथे होत नाही.

मेडिकलमधल्या गोळ्या बंद करा. तो अँटिबायोटिक थोडे दिवस सूज उतरवतो, पण मोरीतला थर आहे तिथेच राहतो, म्हणून महिन्याने पुन्हा तेच. पू झाला, ताप आला, तर डॉक्टर ठरवतील. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सफाईनंतर एक-दोन आठवडे देतात, तेवढ्यापुरता तो चांगला. महिनोन्महिने वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, बरं वाटतं. लवंगेचं तेल हिरडीला चोळू नका, भाजतं. लाल, काळी मंजनं आणि राखुंडी बंद. कडक ब्रशही बंद.

शुगर बॉर्डरवर म्हणजे किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी करून घ्या. ५.७ ते ६.४ आलं तर बॉर्डर, ६.५ पासून पुढे मधुमेह. शुगर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उलटंही खरं आहे हे कमी जणांना. हिरड्यांतली कायमची सूज शुगर आवरू देत नाही. मधुमेही माणसांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४च्या आसपास उतरते असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. म्हणून तुमच्या फिजिशियनला हिरड्यांचं सांगा आणि डेंटिस्टला शुगरचं.

बीपीच्या गोळीचं नावही डेंटिस्टला दाखवा. अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात, आणि मग थर काढणं अवघड जातं. तसं असेल तर गोळी बदलायची का ते फिजिशियन ठरवतील. स्वतःहून एक दिवसही चुकवू नका.

अजून एक, पावसाळ्याचे दिवस आहेत म्हणून. ब्रश न लावता आपोआप रक्त यायला लागलं, सोबत ताप असेल, अंगावर लाल ठिपके किंवा निळे डाग दिसले, तर डेंटिस्टकडे जाऊच नका. आधी फिजिशियन, आधी रक्ततपासणी. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या की हिरड्यांतून रक्त येतं, आणि तिथे एक दिवसाचा उशीरही नको.

आईंची कवळी तुमच्या नशिबात लिहिलेली नाही. हिरड्या हळव्या असणं घराण्यात चालतं, ते तुमच्यात असेलही. त्याचा अर्थ इतकाच की दुसऱ्याला जेवढा हलगर्जीपणा पचतो तेवढा तुम्हाला पचणार नाही. तुमच्या मुलीच्या हिरड्याही आत्ताच एकदा मापून घ्या.

राहिला ब्रश. भांडुपहून फोर्ट म्हणजे सकाळी पाणी भरणं, डबे, मग लोकल. त्या घाईत कुणाकडून नीट दात घासले जात नाहीत हे मला ठाऊक आहे. सकाळी होईल तेवढं करा. रात्रीचं मात्र सोडू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि थराला रात्र मोकळी मिळते. मऊ ब्रश पेनासारखा धरा, मुठीत नको. मुठीत धरला की भांडी घासल्यासारखा जोर लागतो. केस हिरडी आणि दात मिळतात त्या कडेवर तिरके टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर. मग जागच्या जागी बारीक थरथरवा, आठ-दहा वेळा, आणि पुढच्या दोन दातांवर सरका. आतली बाजू विसरू नका, तिथेच सगळे चुकतात. दोन मिनिटं म्हणतात, पण घड्याळ लावून बघा, ती फार लांब असतात. पेस्ट थुंका, लगेच भरपूर चुळा भरू नका.

दातांच्या मधे ब्रश जात नाही आणि पायरिया नेमका तिथून सुरू होतो. तुम्हाला फटी पडल्या आहेत, तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसावं असे छोटे इंटरडेंटल ब्रश मिळतात, ते घ्या. जाडी डेंटिस्टकडून मापून घ्या. फटीत जरा घट्ट जाईल पण बळजबरी करावी लागणार नाही, अशी हवी. फटी नाहीत तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा. रात्रीची मालिका बघत बघत केलं तरी चालतं. लेडीज डब्यात नको, शेजारणीची गैरसोय होते.

खर्चाची काळजी असेल तर तुमच्या ऑफिसपासून जवळच, सीएसएमटीला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, खाजगीपेक्षा पैसे खूपच कमी लागतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, वेळ जाईल, दोन-तीन खेपा होतील. उपचार शिकणारे डॉक्टर करतात, पण वर शिक्षक असतात, आणि खरं सांगायचं तर शिकणारी मुलं मापं घ्यायचा कंटाळा करत नाहीत. खाजगीत जायचं तर ‘एमडीएस पेरिओ’, म्हणजे हिरड्यांच्या आजारांचं पदव्युत्तर शिक्षण केलेले डॉक्टर शोधा. आणि हलणारे दात काढून सरळ इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवू, असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीलाही हाच आजार होतो आणि तिथे तो आवरणं जास्त कठीण.

सासूबाईंनाही सोबत घेऊन जा. मशेरी सोडा म्हणून घरी भांडू नका. चाळीस वर्षांची सवय आहे, निकोटिनची आहे, ती ओरडून सुटत नाही. नुसतं म्हणा, ‘आई, माझ्याबरोबर चला, एकटीला भीती वाटते.’ तिथे त्यांचंही तोंड बघून घ्या, हिरड्यांसाठी तर खरंच, पण गालात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यासाठी आधी. मशेरी कमी केल्यावर त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर त्या तुम्हालाच दोष देतील. तेव्हा त्यांना सांगा, राखणदार जागा झाला.

आणि मापांच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी दुसरी मापं झाली की दोन्ही शेजारी ठेवून मला पाठवा. डाव्या बाजूचे सहाचे किती झाले, ते मला बघायचं आहे.